तांबूवरची भुरी

माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, दिंडोरीहून वणीला जाणाऱ्या रस्त्यावर द्राक्षबागेच्या औषधांचं दुकान होतं. शिक्षण अकरावी नापास. पण आसपासच्या दहा-बारा गावांत लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि पंचाईत अशी, की आप्पांनाही ते पटलेलं होतं. सकाळी शटर खडखडत वर गेलं की काउंटरवर पानं येऊन पडू लागत. कुणी पिशवीत आणी, कुणी टोपीत, कुणी नुसतीच मुठीत. आप्पा पान उचलत, उजेडाकडे धरत, उलटं करत, नखाने खरवडत, एकदा वास घेत आणि मग शेतकऱ्याकडे न बघताच रोगाचं नाव सांगत. पानावर पांढरी भुकटी असेल तर भुरी, तेलकट पिवळा डाग असेल तर केवडा, काळे ठिपके असतील तर करपा, आणि यातलं काहीच नसेल तर मॅग्नेशियम कमी पडलंय. या चारांत न बसणारं दुखणं जगात नाही अशी त्यांची खात्री होती, आणि तेराव्या वर्षापर्यंत माझीही होती. घरात कुणाला ताप आला तरी मी आधी त्याच्या जिभेवर पांढरं काही दिसतंय का ते बघत असे.

दुकानामागे घर आणि घरामागे आमची दीड एकर बाग. त्या वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला आली होती, आणि मुलगी झाल्यावर तीन महिने आमच्याकडेच राहणार होती. आईने बाळंतपण म्हणजे काय चीज असते ते सगळ्या दिंडोरीला दाखवायचं ठरवलं होतं. पहाटे शेगडी पेटायची, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा पडायचा आणि घरभर इतका धूर व्हायचा, की दुकानात आलेली माणसं आप्पांना विचारत, मागे काही जळतंय का. सकाळी हळिवाची खीर, दुपारी बाजरीची भाकरी, तिच्यावर तुपाची धार, लसणाची भरपूर फोडणी दिलेली शेपूची भाजी, आणि दिवसातून दोनदा डिंकाचा लाडू. हे लाडू आई पत्र्याच्या मोठ्या डब्यात भरून ठेवी आणि संपत आले की नवा घाणा घालत असे. खोबरं किसल्याचा, खारीक कुटल्याचा, तुपात डिंक फुलल्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे. त्या लाडवांत बेदाणे मात्र नसत. द्राक्षाच्या घरात बेदाणा कुणी तोंडात धरत नाही. ताईला पहिल्या आठवड्यातच लाडवांचा वीट आला होता, पण आईपुढे बोलायची सोय नव्हती. बाळंतिणीने खाल्लं नाही तर दूध कसं येणार, असं म्हणून आई तिच्यासमोर मांडी घालून बसायची आणि शेवटचा घास गिळेपर्यंत हलायची नाही.

ताईनंतर महिन्याभराने तांबू व्यायली. तांबू आमची कुत्री. लालसर तपकिरी रंगाची, उभ्या कानांची, वाटेल त्या गाडीवर भुंकणारी आणि गाडी थांबली की घरामागे पळणारी. बागेतल्या पंपाच्या खोलीत गंधकाच्या रिकाम्या गोण्या टाकलेल्या असत, त्यावर तिने नऊ पिलं घातली. तिचं बाळंतपण कुणी केलं नाही. कुणी तिला शेक दिला नाही की तिच्यासमोर मांडी घालून बसलं नाही. संध्याकाळी उरलेली भाकरी पाण्यात कुस्करून मी एका जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या, थाळीत नेऊन ठेवत असे, आणि घरात काही उरलं नाही तर नेत नसे. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही, कारण घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

पिलं सहा-सात आठवड्यांची झाली आणि तांबूचे केस जायला लागले. आधी मागच्या मांड्यांवरचे, मग पोटाच्या कडेचे, मग शेपटीवरचे. शेपटी तर अशी झाली, की ती हलवली तरी बघवत नसे. पाठीवरून हात फिरवला की मूठभर केस हातात येत आणि खालची कातडी कोरडी, पांढऱ्या कोंड्याने भरलेली दिसे. फासळ्या मोजता येत होत्या. पिलं मात्र गुबगुबीत झाली होती आणि तिला क्षणभर उभं राहू देत नव्हती. चालायला लागली तरी दोन-तीन तिच्या खाली लोंबकळत चालत असत.

त्याच दिवसांत ताईचेही केस गळायला लागले. फणी फिरवली की गुंता निघायचा. कपाळावरची रेघ मागे सरकली आणि भांग रुंद झाला. ताई घाबरली, पण आई अजिबात डगमगली नाही. पोर आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात, आणि मग आपोआप येतात, असं तिने सांगून टाकलं. अंगातलं सगळं दुधात जातं, त्याला कोण काय करणार. हे तिने स्वयंपाकघरात सांगितलं आणि पाचच मिनिटांनी मागच्या दारी जाऊन तांबूकडे बघत, या रांडेला लूत लागली, घरात तान्हं पोर आहे, हिला आधी बाहेर काढा, असंही तिनेच सांगितलं. मी दोन्ही वाक्यं ऐकली. दोन्ही मला पटली. एका डोक्यात या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा राहू शकतात याचं मला आज आश्चर्य वाटतं, पण तेव्हा नाही वाटलं.

आज तरी का वाटावं, असाही प्रश्न पडतो. मी आता नाशकात, इंदिरानगरात राहते, चौथ्या मजल्यावर. शाळेतली नोकरी संपवून मला बरीच वर्षं झाली. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी गेल्या हिवाळ्यात एक भटकी कुत्री व्याली आणि दोन महिन्यांत तिची अशीच दशा झाली. लगेच ग्रुपवर तिचे फोटो आले. एका इंजिनिअरने हा त्वचारोग मुलांना होतो असं लिहिलं, दुसऱ्याने लगेच व्हिडिओ टाकला, तिसऱ्याने महापालिकेचा नंबर. ज्या बाई सगळ्यांत जास्त चिडल्या होत्या, त्यांच्या सुनेसाठी लाडू करणारी बाई मिळेल का, असा त्यांचाच संदेश त्याच ग्रुपवर आदल्या आठवड्याचा होता. मी सरळ रिक्षा केली आणि कुत्रीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कातडीचा थोडा खरवडा काढून काचेवर बघितला. खरूज नव्हती. असती तर औषध द्यावंच लागलं असतं, म्हणून बघणं भाग असतं, असं ते म्हणाले. मग जंताचं औषध दिलं आणि पोटभर खायला घाला म्हणाले. पाजणाऱ्या कुत्रीचे केस असे जातात आणि पिलांचं पिणं तुटलं की येतात. एवढंच होतं ते. पाच मिनिटांत संपलं. आमच्याकडे त्याचे पंधरा दिवस झाले होते.

कारण आमच्याकडे आप्पा होते. तांबूचं प्रकरण दुकानात गेलं आणि काउंटरवर परिषद बसली. एक जण म्हणाला, ही खरूज. दुसऱ्याने शपथेवर सांगितलं, की त्याच्या मेव्हण्याच्या कुत्र्याला असंच झालं होतं आणि ते सापाच्या वाऱ्याने होतं. तिसरा म्हणाला, गरोदरपणी हिने कुजकं काही खाल्लं असणार. आप्पांनी सगळ्यांना बोलू दिलं. मग तांबूला दोरी बांधून दुकानापुढे आणवलं, तिची मांडी उजेडाकडे वळवली, नखाने कातडी खरवडली, नखावरचा पांढरा कोंडा निरखला आणि वास घेतला. आप्पांनी निदान सांगितलं, भुरी. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने चाचरत विचारलं, की भुरी द्राक्षाची ना. त्यावर आप्पांनी त्याच्याकडे जी नजर टाकली, ती पुढच्या हंगामापर्यंत त्याच्या लक्षात राहिली असेल. बुरशी ती बुरशी, तिला वेल काय आणि कुत्री काय, असं त्यांचं म्हणणं. पांढरी भुकटी, थंडीचे दिवस, वर गोण्यांची ऊब. लक्षणं तंतोतंत जुळत होती.

मग रीतसर सगळं झालं. आप्पांच्या फवारणीच्या वहीत प्रत्येक बागेला एक पान असे. त्या वहीत तांबूला पान मिळालं. वर लिहिलं होतं, प्लॉट तांबू. खाली तारखा, औषध गंधक, सोबत चिकटवणारं द्रावण, आणि शेवटच्या रकान्यात मजूर म्हणून माझं नाव. ताईच्या सासरची मंडळी तिला न्यायला पंधरा दिवसांनी येणार होती. तोवर कुत्री बरी झाली तर राहील, नाही तर टेम्पोत घालून वणीला, गडाच्या पायथ्याशी सोडायची, असं ठरलं. देवीच्या दारात कुणी उपाशी मरत नाही, असं आई म्हणाली. आपल्या दारात मरू नये म्हणून देवीच्या दारात नेऊन टाकण्याची ही रीत आमच्या भागात तेव्हाही होती आणि आजही आहे. देवीला याबद्दल कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. मला मात्र एवढंच कळलं, की तांबूला वाचवायचं माझ्या हातात आहे, आणि गंधक माझ्या हातात दिलेलं आहे.

मी ते काम किती मन लावून केलं हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. शाळेतून आले की बादलीत गंधक कालवायचं, फडक्याने तांबूच्या अंगाला चोळायचं, मांड्या, पोट, शेपटी, कुठे जागा सोडायची नाही. आप्पा म्हणत, फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचला पाहिजे, म्हणून मी तिचं पोट विशेष काळजीने चोळत असे. ती थरथरत उभी राहायची. कधी चावली नाही. थंडीचे दिवस, त्या ओल्या कातडीवर एक केस नाही, आणि वर मी आप्पांना जाऊन सांगायची, की आज दोन हात दिले. दोन-तीन दिवसांत तिची कातडी लाल झाली, फुटली. आप्पा म्हणाले, प्रमाण वाढव. मी वाढवलं.

पिलं आधी शिंकायला लागली. मग ती आचळाला तोंड लावायची आणि बाजूला व्हायची. परत यायची, हुंगायची, परत बाजूला. मोठी होती ती भुकेने केकाटत माझ्या थाळीतल्या भाकरीकडे वळली आणि तगली. एक सगळ्यांत लहान होतं, मागच्या पायाने जरा अधू, त्याला भाकरी चावता येत नव्हती. ते आईच्या पोटापाशी जायचं, तोंड वळवायचं आणि तिथेच पडून राहायचं. असं तीन दिवस चाललं, आणि चौथ्या दिवशी सकाळी ते गोणीवर ताठ होऊन पडलेलं होतं. तांबू त्याला चाटत होती, आणि चाटताना तिच्या जिभेवर माझं गंधक लागत होतं. ते पिलू मी मारलं. आप्पांनी नाही, भुरीने नाही, मी. मी ते कुणाला सांगितलं नाही. घरात कुणी विचारलंही नाही. आठ पिलं अजून होतीच, आणि एक कमी झालं तर आईला बरंच वाटलं असावं.

मी पंपाच्या खोलीबाहेर खड्डा करत होते तेव्हा भागीबाई आली. सुरगाण्याकडच्या डोंगरातून दरवर्षी बायामाणसं आमच्या भागात बागांच्या कामाला येत. त्या दिवसांत विरळणी चालू होती. वेलीवर घड जास्त झाले की काही घड आणि प्रत्येक घडातले काही मणी कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना भरपूर मिळतं आणि वेल थकत नाही. दिवसभर बागेत कात्र्यांचा बारीक कचकच आवाज असे. डोक्याला कायम फडकं गुंडाळलेली भागीबाई त्या कामात सगळ्यांत तरबेज होती. तिचं पाच महिन्यांचं पोर मंडपाच्या तारेला बांधलेल्या झोळीत असे, आणि मधून मधून कात्री कमरेला खोचून ती त्याला पाजायला जाई. तेव्हा ती टाकीवर पाणी प्यायला आली होती. तिने मेलेलं पिलू बघितलं, आत जाऊन तांबूला बघितलं, तिच्या पोटावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेऊन नाक मुरडलं. हे कुणी लावलं, म्हणाली. मी म्हटलं, मी. तिला भुरी झालीय. भागीबाईने माझा चेहरा निरखला. ही पोर थट्टा करतेय का, हे ती ठरवत असावी.

"पोरी, हिला काय रोग नाय," ती म्हणाली. "भार लय झालाय. येलीवर घड जास्ती ठेवले की पानं गळतात, तुझा बाप रोज सांगतो ना लोकांना. मग हिच्यावर नऊ ठेवलेत ते दिसत नाय का त्याला? तुझ्या बहिणीला एक लेकरू नि दोन टाइम लाडू. हिला नऊ, नि शिळी भाकर. केस जातील नाय तं काय व्हईल."

एवढं बोलून ती पाणी पिऊन निघून गेली, कारण मुकादम ओरडत होता. मी खड्ड्यापाशी बसून राहिले. मला पहिल्यांदा राग आला तो तिचाच. ही कोण आप्पांना शिकवणारी. आणि मग हळूहळू जे कळलं ते इतकं सोपं होतं, की आणखी राग आला. आप्पा बाटलीतून बघत होते, म्हणून त्यांना बुरशी दिसली. भागीबाई दिवसभर कात्री घेऊन वेलीखाली उभी असे, म्हणून तिला भार दिसला. वेलीवरूनच दोघांनी ठरवलं, पण एकाच्या ठरवण्यापायी पिलू गेलं. त्या दिवसापासून मी गंधक बादलीत कालवायचं आणि बादली खताच्या ढिगावर ओतायची असं सुरू केलं. वहीत मात्र रोज दोन हात दिल्याची नोंद होत राहिली.

ताईला मी सगळं सांगितलं. पिलाचं सोडून. ताईने उशाखालून एक लाडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मग दुसऱ्या बाजूने आणखी एक. तिचा साठा बराच होता. तेव्हापासून आमचा कारखाना चालू झाला. आई समोर बसली की ताई लाडवाचा एक घास खायची, मग बाळाला शू झाली म्हणायची, आई लंगोट आणायला उठली की लाडू माझ्या परकराच्या ओच्यात. तांबूने पहिला लाडू खाल्ला तेव्हा ती चाटता चाटता थाळी भिंतीपर्यंत ढकलत गेली. भागीबाईच्या सांगण्यावरून मी पिलांना ताक-भाकरी लावली आणि दिवसाचा काही वेळ तांबूला त्यांच्यापासून वेगळं बांधू लागले. कोमट पाण्याने तिचं अंग पुसलं, खोबरेल चोळलं. आईला तर ताई दिवसाला चार चार लाडू संपवते याचं इतकं कौतुक वाटायला लागलं, की ती शेजारणींना सांगत सुटली आणि तिने आणखी एक घाणा घातला. इंदिरानगरच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना बाधतात म्हणे. बेदाण्यांचा कंटाळा आलेल्या घरात तांबू जन्मली हे तिचं नशीब.

पण केस काही पंधरा दिवसांत उगवत नाहीत. कातडीची लाली गेली, भेगा भरल्या, फासळ्यांवर थोडं मांस आलं. केस मात्र नाहीत. सासरची मंडळी यायचा दिवस उजाडला तेव्हा तांबू उघडीबोडकीच होती. आप्पांनी सकाळी तिला बघितलं, वहीचं पान बघितलं, रोग हाताबाहेर गेला असं जाहीर केलं आणि वणीला खतं घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं. आई ताईला सजवत होती. तिने नाशकाहून कुणाकडून तरी गंगावन मागवलं होतं, काळंभोर, हातभर लांब. ते ताईच्या उरल्यासुरल्या केसांत गुंफून, वरून गजरा माळून आईने असा अंबाडा घातला, की दृष्ट लागावी. सासूला काही कळता कामा नये अशी ताकीद तिने घरात प्रत्येकाला दिली. मलाही, आणि बाळालासुद्धा दिली असेल.

ताईची सासू आणि दीर आले, चहा झाला, सासूबाई दुकानातच खुर्चीवर बसल्या कारण आत धूर होता. काउंटरवर नेहमीसारखी चार माणसं पानं घेऊन उभी होती. टेम्पोवाला तांबूला दोरी लावून ओढत होता. ती जमिनीवर बसून घेत होती आणि मागे बागेतून पिलांचा आवाज येत होता. मी दोरीला धरून रडत होते. आप्पा मला म्हणाले, की पंधरा दिवस दिले होते, याहून काय करायचं. तेवढ्यात ताई बाळाला घेऊन बाहेर आली. तिने बाळ माझ्याकडे दिलं, दोन्ही हात मागे नेले, गजऱ्यासकट गंगावन खेचून काढलं आणि काउंटरवर त्या पानांशेजारी ठेवलं. कपाळावरचा पदर मागे केला. तिचा भांग, कानाशेजारचं उघडं डोकं, सगळं चारचौघांत दिसलं.

"आप्पा, हे बघून सांगा कुठला रोग आहे," ती म्हणाली. "भुरी असेल तर गंधक द्या. आणि पंधरा दिवसांत बरी झाले नाही, तर मलाही या टेम्पोत बसवा."

आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. आप्पांनी सवयीने ते गंगावन उचललं, उजेडाकडे धरलं, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा दुकानदाराचा वाटला. सगळ्यांचं लक्ष सासूबाईंकडे होतं. त्या उठल्या, ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि इतक्या आरामात बोलल्या, की पिंप फुटून पाणी वाहून जावं तसा सगळा ताण निघून गेला. "माझे चार वेळा गेले, चारही वेळा आले," त्या म्हणाल्या. "हे लपवायला काय चोरी केलीय?" मग त्यांनी तांबूकडे बघितलं, किती पिलं आहेत विचारलं, आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, बाबा, सोड तिला, ओली बाळंतीण आहे. टेम्पो तांबूला न घेताच वणीला गेला. ताई दुपारी सासरी गेली, गंगावन न घालता. जाताना तिने आईने दिलेल्या डब्यातले अर्धे लाडू तांबूसाठी परत फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकले.

तीन आठवड्यांत तांबूच्या मांड्यांवर लव आली. आधी काळसर, मग लाल. आप्पांनी ते बघितलं, वही उघडली आणि नोंद केली. पुढची कित्येक वर्षं ते दुकानात सांगत असत, की भुरी जनावरालाही होते, पण गंधकाचे हात वेळेवर पडले पाहिजेत. वहीतलं पान दाखवत. लोक माना डोलवत. माझं नाव मजूर म्हणून तिथे होतंच, त्यामुळे मी त्यांना खोटं पाडायचा प्रश्न नव्हता. मी गप्प राहिले कारण तोंड उघडलं असतं तर त्या पिलाचंही सांगावं लागलं असतं. आप्पा गेल्यावर ती वही मला मिळाली. मी ती ठेवली नाही.

विरळणी संपली आणि डोंगराकडची माणसं गावी निघाली. त्या दुपारी मी तांबूला घेऊन टाकीवर गेले. भागीबाईला तिची नवी लव नीट दाखवायची होती, बघा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, असं म्हणायचं होतं. भागीबाई न्हाऊन टाकीच्या कठड्यावर बसली होती, पोर मांडीवर. दोन महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा मी तिचं डोकं फडक्याशिवाय बघितलं. कानांच्या वर दोन्ही बाजूंना केस नव्हते. भांग ताईपेक्षा रुंद होता. ओल्या विरळ बटांतून डोक्याची कातडी दिसत होती, आणि गळ्याची हाडं वर आली होती. मी काहीतरी बोलले असेन, कारण ती हसली. "आता येतील," ती म्हणाली. "गावी गेली का नागलीची भाकर खाईन."

मला इतकी लाज वाटली, की तांबूला तिथेच सोडून मी घरी पळाले. आई झोपली होती. फळीवरचा पत्र्याचा डबा मी खाली काढला आणि उघडला. तो रिकामा होता. बाहेर मजुरांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. शेवटचे तीन लाडू त्याच सकाळी मी बागेत तांबूला घातले होते. भागीबाई शेजारीच वेलीखाली पोराला पाजत बसली होती, आणि मातीत सांडलेला चुरा तिनेच बोटांनी गोळा करून कुत्रीपुढे सरकवला होता.